केरसुणी कोणाच्या हाती?

परवा दवाखान्यात एक मुलगी आली. ताप, लघवीला जळजळ. वर्षातली तिसरी खेप. चौकशी केली तेव्हा कळले की, कचेरीत ती एकटीच बाई. तिथला संडास इतका घाण, की सकाळी निघाल्यापासून संध्याकाळी घरी पोचेपर्यंत ती पाणीच पीत नाही. पाणी कमी आणि लघवी तुंबवलेली, म्हणजे मूत्रमार्गात जंतूंना वाढायला मोकळे रान!

"साफसफाई कोण करतं?"

"केर मी काढते, चहाचे कपही मीच धुते. संडास कोणीच नाही."

लहान कचेरीला शिपाई परवडत नाही, हे मान्य. मग सर्वांनी पाळी लावावी, संडासासकट. आणि यादीत पहिले नाव मालकांचे असावे. एरवी हे काम आपोआप बाईच्या, नाहीतर सर्वांत धाकट्याच्या गळ्यात पडते. (ते अमुक जातीचे काम, असे मानणारेही अजून भेटतात!) दमेकऱ्याला मात्र केराऐवजी दुसरे काम द्यावे. कूलर आठवड्यातून एकदा रिकामा करून घासावा. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून निघून उडायला ८-१० दिवस पुरतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र टाकू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

मुलीला लघवीची तपासणी सांगितली, औषध दिले. मालकांना चिठ्ठी लिहू का, असेही विचारले. "नको डॉक्टर, नोकरी जाईल," म्हणाली.

चिठ्ठी दिली नाही. म्हणून सगळ्याच मालकांसाठी येथे लिहिले.