तेलाची आडवाट

इंजिनातील तेल निवविण्यासाठी ऑइल कूलर बसवायचा, आणि त्याच तेलाला कूलर टाळून जाता यावे म्हणून शेजारी आडवाट व तिच्यावर झडप ठेवायची, हा वदतो व्याघात नव्हे काय, असा प्रश्न आमच्या पुतण्याने परवा पंक्तीत केला. प्रश्न मार्मिक असल्याने या महिन्याचे पान त्यालाच देत आहो.

तेलाची कामे दोन. फिरता दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्ये पातळ थर धरून धातूला धातू घासू न देणे हे पहिले. उष्णता वाहून नेणे हे दुसरे. यांत श्रेष्ठ कोणते याविषयी संशयाला जागा नाही. थोडे अधिक तापलेले तेल काही काळ चालून जाते. तेलच पोहोचले नाही तर बेअरिंग पाहता पाहता जळते. आडवाटेचे मर्म एवढ्यातच आहे.

थंडीच्या पहाटे तेल काकवीसारखे दाट असते. कूलरच्या वाटा अरुंद. त्यांतून असले तेल रेटू गेल्यास दाब भलताच वाढतो आणि बेअरिंगकडे धार क्षीण होते. शिवाय त्या वेळी तेलाला निवविण्याची गरजही नसते. ते लवकर ऊन व्हावे हेच हिताचे.

फोक्सवॅगनच्या जुन्या बीटल गाडीत याची सोय फार सोपी होती. या गाडीची शेवटची प्रत २००३ साली मेक्सिकोत तयार झाली. तिचे इंजिन पाण्याने नव्हे, वाऱ्याने थंड होई. कूलरही पंख्याच्या वाऱ्यातच उभा. पंपाकडून येणाऱ्या वाटेवर एक दट्ट्या, त्याच्यामागे स्प्रिंग. दाट तेलाचा जोर वाढला की स्प्रिंग दबे, दट्ट्या खाली जाई. मग काही तेल कूलर वगळून थेट बेअरिंगकडे आणि उरलेले तळाशी परत. तेल पातळ होऊन दाब उतरला की दट्ट्या वर येई, आडवाट बंद होई आणि तेलाला कूलरमधूनच जावे लागे. येथे झडपेला उष्णतेचे ज्ञान मुळीच नाही. नैयायिक धुरावरून अग्नीचे अनुमान करतो, तद्वत ती दाबावरून थंडीचे अनुमान करते!

लायकमिंगच्या विमान-इंजिनांत मात्र प्रत्यक्ष प्रमाण मानणारी झडप असते. तिच्या पोटात मेण असते. ते तापून वितळले की फुगते आणि झडपेला पुढे लोटते. सुमारे ८५ अंश सेल्सियसला आडवाट बंद होऊन तेल कूलरकडे वळते. तरीही दाब अतिशय वाढल्यास झडप मागे हटून वाट देतेच. पिस्टन-इंजिनांच्या विमानांत यातून एक विलक्षण प्रकार घडतो. कडाक्याच्या थंडीत कूलरातील तेलच गोठते, वाट तुंबते, तेल न निवता आडवाटेने फिरू लागते आणि बाहेर हिमवारा असता तापमापकाचा काटा वर चढतो. अजाण वैमानिक कूलरवर आणखी वारा सोडतो व रोग वाढवितो. खरा उपाय वारा कमी करण्याचा. आतले तेल सुटले की काटा आपोआप उतरतो.

पुन्हा बीटलकडे. दट्ट्या खाली अडकला तर तेल कायम आडवाटेने जाते. इंजिन तापते, दाबही पडतो. वर अडकला तर थंड, दाट तेलाचा सगळा मारा कूलरवर येऊन तो गळू लागतो. म्हणून कूलर गळताच नवा विकत घेण्यास धावणाऱ्यांनी आधी झडप पाहावी. इंजिनाच्या खालून रुंद खाचेचा स्क्रू काढला की दट्ट्या हाती येतो. तो आपल्या जागेत न अडखळता सरकला पाहिजे. कित्येक कारागीर दाबाचा काटा ठळक दिसावा म्हणून स्प्रिंग ताणून ठेवतात. धनी खूष होतो. पण आडवाट उशिरा उघडते आणि थंडीचा भार पुन्हा कूलरवरच पडतो.

पुतण्याच्या मते झडप असल्यामुळे पहाटे गाडी सुरू करताच पळविण्यास हरकत नसावी. ती आहेच. आडवाट कूलर टाळते, तेलाचा दाटपणा नव्हे. तेव्हा पहिले दोन-तीन मैल सावकाशच जावे.