रामानुजनांच्या सारणीतून सुटलेली संख्या

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला भोसल्यांची राजवट आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. त्याच तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे श्रीनिवास रामानुजन वाढले. २२ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिन ‘राष्ट्रीय गणित दिन’ म्हणून साजरा होतो आणि दरवर्षी दैवी प्रतिभेच्या त्याच कथा व तीच १७२९ ही संख्या पुन्हा ऐकवली जाते. त्या दिवशी वर्गातील फळ्यावर खरे तर दुसरी एक संख्या लिहिली जावी : २,९३,३१,८६,२५,६००. रामानुजन यांच्या हातून ती सुटली होती.

१९१५ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा ‘अतिसंयुक्त’ संख्यांवरील दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जिचे विभाजक अधिक, ती अतिसंयुक्त संख्या. १२ ला ६ विभाजक आहेत. तिच्याहून लहान एकाही संख्येला तितके नाहीत. अशा संख्येच्या मूळ अवयवांत मधली मूळ संख्या गाळलेली नसते आणि घातांक पुढे वाढत जात नाहीत. मोठ्या मूळ संख्येचा घातांक अधिक असेल, तर घातांकांची अदलाबदल करून तितक्याच विभाजकांची लहान संख्या मिळते.

निबंधातील सारणीत अशा शंभराहून अधिक संख्या आहेत. शेवटची ६७,४६,३२,८३,८८,८००. तिचे अवयव : २ चा सहावा घात, ३ चा चौथा, ५ व ७ यांचे वर्ग आणि ११, १३, १७, १९, २३ प्रत्येकी एकदा. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार केला की विभाजकांची संख्या येते : १००८०. आता तिला २३ ने भागावे. उरते ती नेमकी सुटलेली संख्या. तिचे विभाजक ५०४०.

जन्मदिनी थोर गणितज्ञाची चूक दाखवणे औचित्याला सोडून आहे, असे कोणी म्हणेल. वस्तुतः ही उणीव त्यांच्या श्रमांची साक्ष आहे. संगणकाविना, हाताने मांडलेल्या एवढ्या सारणीत केवळ एक जागा रिकामी राहिली. रामानुजन नामगिरी देवीला श्रेय देत, हे खरे. पण ती श्रद्धा त्यांची होती, सारणी मात्र कोणालाही तपासता येते. याच संशोधनावर १९१६ मध्ये केंब्रिजने त्यांना पदवी दिली. युद्धकाळात छापायचा राहिलेला निबंधाचा भाग १९९७ मध्ये, निकोला आणि रोबँ यांच्या टिपांसह प्रसिद्ध झाला. चमत्कारापुढे हात जोडून थांबता येते. सिद्धतेचे काम मात्र असे पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेता येते.

रामानुजन यांना अवतार ठरवले, की सामान्य विद्यार्थी मनाशी ठरवतो, गणित आपले काम नव्हे. गणित दिनाने त्याच्या हाती कागद द्यावा आणि ही सारणी तपासायला सांगावे. यापरते दुसरे अभिवादन नाही.