पालकसभा : शिक्षा नको, संवाद हवा

हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड. रायपूरच्या मराठी कामगाराला दोन्ही अर्थ ठाऊक आहेत. परंतु मुलाच्या शाळेतील पालकसभेत त्याच्या वाट्याला बहुधा दुसराच येतो. रात्रपाळी संपवून, डोळ्यांवरची झोप आवरून तो शाळेत जातो. बाई प्रगतिपुस्तक पुढे सरकवतात, "हिंदी कच्ची है, घर पर ध्यान दीजिए" एवढे सांगतात आणि पुढच्या पालकाला हाक मारतात. घरी आल्यावर तोच बाप मुलावर हात उगारतो. यात प्रगती कोणाची झाली?

'कच्चा' या शब्दातून कोणालाच काही कळत नाही. आपल्या घरचे मूल 'मेरी पुस्तक' ऐवजी 'मेरा पुस्तक' लिहिते, कारण मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी आहे आणि हिंदीत स्त्रीलिंगी. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. आज येथे शाळेची भाषा हिंदी किंवा इंग्रजी, घरची मराठी आणि गल्लीतली छत्तीसगढी. ते मूल आळशी नसते, ते दोन भाषांच्या सांध्यावर अडखळलेले असते. बाईंनी वही उघडून ती एक चूक दाखवली, तर उपाय आईबापालाही सुचेल.

म्हणून आमचे म्हणणे असे की, मुलाला काय येते हे शिक्षकांनी आधी सांगावे. मग नेमके कोठे अडते, ते वहीतून दाखवावे. घरी करण्याजोगे एकच छोटे काम द्यावे आणि शेवटी पालकांना विचारावे : मूल घरी केव्हा अभ्यासाला बसते, शाळेविषयी काय बोलते? हे ऐकून घेतल्याशिवाय संवाद पुरा होत नाही.

ही कोणाची मेहेरबानी नव्हे. १ एप्रिल २०१० पासून अमलात असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तर तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात.

परंतु बंधूंनो, सगळा दोष शिक्षकांच्या माथी मारणे योग्य नव्हे. शिक्षकही आपल्यासारखेच श्रमिक आहेत. वर्गात ४० मुले असली आणि प्रत्येक पालकाला ५ मिनिटे दिली, तरी ३ तास २० मिनिटे लागतात. त्यात निवडणूक आणि जनगणनेची कामे त्यांच्याच गळ्यात. एका सकाळी सर्वांना बोलावून हा हिशेब जुळणार नाही. सभा दोन दिवसांत विभागावी, त्यातील एक वेळ संध्याकाळची ठेवावी आणि तारीख आठवडाभर आधी कळवावी. लोको पायलटला कॉल कधी येईल याचा नेम नसतो, आर. एम. एस. मधील सॉर्टरची रात्र टपालाच्या थैल्यांत जाते. आधी कळले तर पाळी बदलून घेता येते, रजा मागता येते. तरीही जमले नाही, तर दुसरी वेळ मागून घ्यावी.

आपल्याकडूनही एक गोष्ट व्हायला हवी. सभेला जाताना मुलाची वही बरोबर न्या. "किती गुण?" हा प्रश्न मागे ठेवा आणि "कोठे अडतो?" हा आधी विचारा. मुलाच्या आईला हिंदीत बोलण्याचा संकोच वाटत असेल, तर हिंदी जाणणारा शेजारी सोबत न्या, पण तिला घरी ठेवू नका. मुलाचा अभ्यास रोज तीच पाहते. आणि घरी परतल्यावर मुलाला पहिल्यांदा, बाईंनी त्याच्याविषयी काय चांगले सांगितले, ते सांगा.

वॅगन दुरुस्तीला आली की आपण आधी बिघाड शोधतो, वॅगनला शिव्या देत बसत नाही. मग आपल्या मुलाला तरी का द्याव्यात?