घोट्याजवळची जखम आणि दाबाची पट्टी

सफाई कामगार, वॉचमन, चार घरची धुणी-भांडी करणाऱ्या माऊल्या, ही आपली माणसे दिवसभर उभ्याने राबतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या पायाच्या शिरा फुगतात. शिरांतल्या झडपा निकामी झाल्या की रक्त वर न चढता पायातच साचते. मग घोट्याजवळची कातडी काळवंडते, खाज सुटते आणि साधे खरचटलेलेही महिनोन्‌महिने भरत नाही.

नुसते मलम बदलून भागत नाही, हे आम्ही वस्तीत पाहतो. मूळ दुखणे साचलेल्या रक्तात आहे. त्यावर मुख्य इलाज दाबाच्या पट्टीचा. जखमेवर ड्रेसिंग करून बोटांच्या मुळापासून गुडघ्याच्या खालपर्यंत, टाच झाकून ती गुंडाळतात. दाब घोट्याशी जास्त, वर कमी.

मात्र बंधू-भगिनींनो, ही पट्टी मनानेच बांधू नका. मधुमेहाने वा विडी-सिगारेटने धमन्या अरुंद झाल्या असतील, तर घट्ट पट्टीने रक्तपुरवठा तुटून पाय गमवायची वेळ येते. म्हणून आधी दवाखान्यात घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून घ्या. घोट्याचा दाब दंडाच्या 0.8 पटीहून कमी भरला, तर डॉक्टर घट्ट पट्टी सहसा टाळतात. बांधल्यावर बोटे निळी, गार वा बधिर झाली, ठणका वाढला, तर पट्टी ताबडतोब सोडा आणि दवाखाना गाठा.

रात्री पायाखाली उशी घ्या. खाडा पडेल म्हणून दवाखाना टाळू नका. पाय शाबूत तर रोजी शाबूत!