अर्धा तुटला म्हणून सगळा काढायचा का?

आपली मुले-मुली इथे सॉकर, बास्केटबॉल खेळतात, आणि काही मंडळींचे रविवारचे क्रिकेट अजून सुटलेले नाही. त्यामुळे गुडघ्यातला 'एसीएल' आता आपल्या घरांत सर्वांना माहीत झाला आहे. फिजिकल थेरपिस्ट म्हणून काम करताना मी नेहमी पाहते की, एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'पार्शल टेअर' असे आले की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "ऑपरेशन करून मोकळे व्हा." दुसरा म्हणतो, "अर्धाच तुटलाय ना, तेल लावून शेका." माझ्या मते दोघेही घाई करतात. आधी विचारायला हवे ते हे, की शिल्लक किती आहे आणि ते कामाचे आहे का?

एसीएल म्हणजे मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा दोर. त्याला दोन पदर असतात. कधी कधी एकच पदर तुटतो. उरलेल्या पदरात रक्तवाहिन्या असतात, तसेच गुडघा कसा वळला आहे याची वर्दी मेंदूला देणारे मज्जातंतूही असतात. नव्याने बसवलेल्या कलमात सुरुवातीला यातले काही नसते.

मग सर्जन सगळे काढून नवा दोर का लावतात? त्याला इतिहास आहे. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतील कॅडेट्सचे तुटलेले एसीएल टाके घालून शिवले होते. त्यांचा पाच वर्षांनंतरचा आढावा फीगिन आणि कर्ल यांनी १९७६ साली प्रसिद्ध केला. बहुतेकांचे गुडघे पुन्हा डळमळू लागले होते. पुढे वाटीखालची किंवा मांडीमागची कंडरा घेऊन तिचे कलम लावण्याची रीत रुळली. ही रीत चांगलीच आहे, परंतु तिच्यासाठी दुसरीकडची धडधाकट कंडरा खर्ची पडते.

आता विचार पुन्हा जुने जपण्याकडे वळतो आहे. बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या डॉ. मार्था मरे यांनी दाखवले की, सांध्यातील द्रवामुळे रक्ताची गुठळी टिकत नाही, म्हणून तुटलेली टोके आपोआप जुळत नाहीत. त्यांनी रुग्णाचे रक्त धरून ठेवणारा स्पंज टोकांमध्ये बसवण्याची 'बेअर' पद्धत काढली. डिसेंबर २०२० मध्ये एफडीएने तिला मंजुरी दिली, तीही पूर्ण तुटलेल्या एसीएलसाठी. १०० रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनी गुडघ्याचे काम कलमाच्या तोडीचे होते. मात्र पुन्हा शस्त्रक्रिया 'बेअर'मध्ये १४ टक्क्यांना आणि कलमात ६ टक्क्यांना लागली. नवे ते सगळे सोने नव्हे, हेही यातून लक्षात घ्यावे.

अर्धवट तुटलेल्या एसीएलला दुसरा मार्ग आहे. चांगला पदर जागेवर ठेवून फक्त तुटलेल्या पदराच्या जागी कलम लावायचे. यातही जपून! उरलेला भाग जास्त लोंबत राहिला तर तो सांध्यात अडकतो आणि पाय पूर्ण सरळ होत नाही.

शिवाय गुडघा स्थिर असेल तर आधी व्यायाम करून पाहावा, असे माझे ठाम मत आहे. स्वीडनमध्ये एसीएल निकामी झालेल्या १२१ तरुणांवर अभ्यास झाला (२०१०). आधी व्यायाम केलेल्या ५९ जणांपैकी २३ जणांना दोन वर्षांत शस्त्रक्रिया लागली, ३६ जणांना लागली नाही. दोन्ही गटांचे निकाल सारखेच होते. मात्र चालताना-वळताना गुडघा दगा देत असेल तर थांबू नये. प्रत्येक वेळी आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटण्याचा धोका असतो.

एक गोष्ट विसरू नका. पदर किती शाबूत आहे हे एमआरआयवर नेहमी नीट कळत नाही. खरा उलगडा भूल दिल्यावर गुडघा हलवून आणि दुर्बीण आत घालून होतो. तेव्हा आपण झोपलेले असतो! म्हणून "चांगला पदर दिसला तर काय कराल?" हे सर्जनला आधीच विचारा आणि उत्तर लिहून घ्या. अशा शस्त्रक्रिया त्यांनी किती केल्या आहेत, हे विचारण्यातही संकोच नको. आपल्याकडे डॉक्टरांना प्रश्न विचारणे उद्धटपणाचे वाटते; इथे ते अपेक्षितच असते.

आता पैशाचे. दुर्बिणीतून एसीएल शिवणे, त्याला जोड देणे आणि नवा लावणे या तिन्हींना बिलासाठी एकच कोड आहे, २९८८८. म्हणजे टेबलावर बेत बदलला तरी कोड बदलत नाही. तरी इम्प्लांटची मंजुरी वेगळी लागते का, ते विचारून ठेवा. फिजिकल थेरपीच्या वर्षाला किती भेटी मिळतात हेही पाहा. शस्त्रक्रियेनंतर खरे काम तिथेच असते आणि महिनोन् महिने चालते. नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात नेटवर्कबाहेरच्या भूलतज्ज्ञाचे जादा बिल लावायला १ जानेवारी २०२२ पासून कायद्याने बंदी आहे. 'प्रायोगिक उपचार' म्हणून नकार आला तर अपील करा. तेही फेटाळले गेले तर बहुतेक प्लॅनमध्ये चार महिन्यांच्या आत बाहेरच्या तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागता येते.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला सीझन हुकण्याची भीती असते आणि कोचही वाट पाहत असतो. पण तो गुडघा तिला साठ वर्षे वापरायचा आहे. दोन आठवडे थांबून दुसऱ्या सर्जनचे मत घेतल्याने सहसा काही बिघडत नाही.