दावा जुना, वस्तू नवी : चॉकलेटच्या ‘औषधी’पणाची कथा

१/ ‘डार्क चॉकलेट हृदयाला हितकर’ हे वाक्य दर काही महिन्यांनी नव्या शोधाच्या थाटात फिरू लागते. दावा मात्र जवळपास चारशे वर्षांचा आहे. या काळात दावा टिकला आणि वस्तू पार बदलली. फसगत नेमकी तिथेच आहे.

२/ अझ्टेकांचे चॉकलेट हे पेय होते : भाजून वाटलेल्या कोकोच्या बिया, पाणी, मिरची आणि वर फेस. उसाची साखर त्यांना ठाऊकच नव्हती. ऊस अमेरिकेत नेला तो युरोपीयांनी.

३/ १६३१ मध्ये अंतोनिओ कोल्मेनेरो दे लेदेस्मा या स्पॅनिश वैद्याने चॉकलेटवर ग्रंथ लिहिला. हे द्रव्य उष्ण की शीत, कोणत्या प्रकृतीला मानवेल, ही त्याची चर्चा. त्याच्या कृतीत मिरची आहे, तशीच साखरही आहे. बदल सुरू झाला होता.

४/ पुढचे काम व्यापाऱ्यांनी केले. लंडनचे नामांकित वैद्य हान्स स्लोन (१६६०–१७५३) यांच्या नावाने दुधातले चॉकलेट ‘पोटाला हलके, क्षयावर गुणकारी’ म्हणून विकले गेले. एकोणिसाव्या शतकात कॅडबरीनेही तेच नाव वापरले.

५/ मग यंत्रे आली. १८२८ : नेदरलँड्समध्ये व्हॅन हौटेन यांचे कोकोतील स्निग्धांश वेगळा करणारे यंत्र. १८४७ : ब्रिटनमध्ये फ्राय कंपनीची चॉकलेटची वडी. १८७५ : स्वित्झर्लंडमध्ये दानिएल पेटर यांचे दुधाचे चॉकलेट. कोकोचा कडवटपणा घालवणारी अल्कलीची प्रक्रियाही याच शतकातली. आज ज्या फ्लॅव्हनॉल द्रव्यांच्या नावाने आरोग्याची द्वाही फिरवली जाते, त्यांचा मोठा भाग याच प्रक्रियेत नष्ट होतो.

६/ समर्थक २०२२ च्या ‘कॉसमॉस’ चाचणीकडे बोट दाखवतात. त्यात २१,४४२ ज्येष्ठ अमेरिकन होते. हृदयविकाराने होणारे मृत्यू २७ टक्क्यांनी कमी आढळले, हे खरे. पण तो दुय्यम निकष होता. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांच्या एकूण घटना, हा मुख्य निकष. त्यांत लक्षणीय घट झाली नाही. शिवाय दिले गेले ते रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल, तेही कॅप्सूलमधून, चॉकलेट नव्हे. साहाय्य करणाऱ्यांत ‘मार्स’ ही चॉकलेट कंपनी होती.

७/ २०१५ मध्ये पत्रकार जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम एक कच्चा प्रयोग रचला. माणसे जेमतेम पंधरा, मोजमापे अनेक. इतक्या मोजमापांत एखादे तरी योगायोगाने अनुकूल निघतेच. ‘चॉकलेटने वजन घटते’ हा निष्कर्ष देशोदेशींच्या वृत्तपत्रांनी बिनदिक्कत छापला.

८/ चॉकलेट आवडीने खाण्यास कोणाचीच हरकत नाही. त्यासाठी हृदयाची सबब कशाला? घरातल्या मधुमेही माणसाने ‘औषध’ समजून ती वडी रोज खाल्ली, तर साखर त्याच्या रक्तात जाते आणि नफा दुसऱ्याच्या पेढीत. म्हणून असा दावा समोर आला की तीन गोष्टी विचाराव्यात : तपासली ती वस्तू कोणती, मात्रा किती आणि पैसा कोणाचा?

(समाप्त)