संगणकाच्या गाभ्यापर्यंत आपली मुले कधी पोहोचणार?

रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदोपत्री खुले झाले. तरीही चवदार तळ्याच्या पाण्यासाठी परमपूज्य बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी हजारो अनुयायांसह महाडच्या तळ्यावर जावे लागले. एखादी गोष्ट खुली असणे आणि ती हाती येणे यांतील हे अंतर आम्ही इतिहासाचे शिक्षक दरवर्षी शिकवितो. संगणकविद्येकडे पाहताना तेच अंतर आम्हांस पुन्हा दिसते.

संगणकाच्या गाभ्याचे काम दीर्घकाळ प्रामुख्याने सी व सी++ या भाषांत होत आले. तेथे मेमरीचा सांभाळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या दक्षतेवर सोपविलेला असतो. सोडून दिलेली जागा चुकून पुन्हा वापरली गेली, की प्रोग्रॅम कोसळतो किंवा घुसखोराला वाट मिळते. मोझिलाच्या आश्रयाने वाढलेल्या व २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या 'रस्ट' भाषेने हा भार नियमांवर टाकला. प्रत्येक माहितीला एकच मालक. एका वेळी ती अनेकांनी वाचावी किंवा एकानेच बदलावी. नियम मोडला तर कंपायलर प्रोग्रॅम तयारच करीत नाही. सवलत हवी असेल तर 'अनसेफ' असे उघड लिहावे लागते.

तिची जोडीदार 'वेबअसेम्ब्ली'. ब्राउझरसाठी जन्मलेले हे तंत्र २०१७ साली प्रमुख ब्राउझरांत आले आणि २०१९ साली वेबचे अधिकृत मानक झाले. रस्टमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम या रूपात आणला, की तोच विंडोजवर, लिनक्सवर वा मोबाइलवर चालतो. तो स्वतःच्या मेमरीच्या कुंपणात राहतो. बाहेरचे जे द्यायचे, ते यजमानाने स्पष्टपणे द्यावे लागते. ब्राउझरबाहेर असे प्रोग्रॅम चालविणारे 'वासमटाइम' हे साधनही रस्टमध्येच लिहिलेले आहे.

सुरक्षितता कुणाच्या सद्भावनेवर न सोडता रचनेतच बांधणे, हे या जोडीचे तत्त्व आहे. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मधून बाबासाहेबांनी घटनात्मक संरक्षणे मागितली, त्यामागे हाच विवेक होता. अर्थात यंत्रातील नियमांनी समाजातील विषमता नष्ट होईल, अशा भ्रमात आम्ही नाही. कंपायलर आडनाव विचारीत नाही. मुलाखत घेणारा विचारू शकतो.

ही साधने विनामूल्य आहेत. तरी वसतिगृहातील आपल्या मुलांच्या वाट्याला संगणक येतो तो टंकलेखन आणि तक्ते यांपुरता. रस्ट कठीण आहे, तिची पुस्तके बहुतांशी इंग्रजीत आहेत, हे आक्षेप खरे आहेत. परंतु कठीण म्हणून विद्या दूर ठेवण्याचा युक्तिवाद आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. तो आपणच आपल्या मुलांना ऐकवू नये.

म्हणून आमची नम्र सूचना अशी : आठवी-नववीत एखादी सोपी भाषा शिकवावी, दहावीनंतर इच्छुक विद्यार्थ्यांना रस्टकडे न्यावे. चूक कोठे व का झाली हे तिचा कंपायलर सविस्तर सांगतो. माजी विद्यार्थ्यांनी ते मराठीतून समजावून द्यावे. पहिले काम ग्रंथालयाच्या नोंदवहीचे असावे. एका संगणकावर ठेवलेला तो प्रोग्रॅम प्रयोगशाळेतील इतर संगणकांच्या ब्राउझरमध्ये, इंटरनेटवाचूनही, चालू शकेल.

'या आणि पाहा' असे सांगणाऱ्या धम्माच्या विद्यालयात मुलांनी यंत्राचे झाकण उघडून पाहिलेच पाहिजे. तळे खुले आहे. तेथवर मुलांना घेऊन जाणे हे आपले काम आहे.